जुन्या घडीच्या चाकूंचा शोध : पारख, बाजार आणि मोल

जुन्या वस्तूंचा संग्रह करणाऱ्या दर्दी मंडळींत नाण्यांना, टपालाच्या तिकिटांना आणि खिशातल्या घड्याळांना जी प्रतिष्ठा फार पूर्वी लाभली, ती घडीच्या चाकूला पुष्कळ उशिरा लाभली, आणि याचे कारण उघड आहे. नाणे चलनातून गेले की ते जपून ठेवण्यावाचून त्याचा दुसरा उपयोग उरत नाही, आणि घड्याळ बंद पडले तरी त्याची चांदीची डबी मोलाचीच राहते. चाकू मात्र पाते झिजेपर्यंत, मूठ तडकेपर्यंत, कमान मोडेपर्यंत कामात असतो आणि कामातून गेला की थेट मोडीत जातो. त्यामुळे एके काळी अमाप संख्येने तयार झालेल्या या वस्तूचे चांगले नमुने आज विरळा झाले आहेत, आणि जे शिल्लक आहेत त्यांतील पुष्कळसे अशा घरांत व अशा पथाऱ्यांवर पडून आहेत, की जेथे त्यांचे मोल कोणास ठाऊक नाही. नामांकित कारागिरांचा जुना चाकू अल्प किमतीत मिळणे अद्याप शक्य आहे काय, असल्यास तो कोठे शोधावा, कोणत्या लक्षणांवरून ओळखावा आणि कोणत्या मर्यादा पाळून घ्यावा, या प्रश्नाचा साकल्याने विचार करण्याचा येथे हेतू आहे. माझे उत्तर आरंभीच सांगतो : शक्य आहे, परंतु ज्याला पात्याच्या बुडावरचा शिक्का वाचता येतो, आणि ज्याला हातात घेतलेला चाकू शांतपणे परत ठेवून देता येतो, त्यालाच.

शोधाचा आरंभ इंग्लंडातील शेफील्ड शहरापासून करणे क्रमप्राप्त आहे. चौदाव्या शतकातील इंग्रज कवी चॉसर याने आपल्या एका कथेतील गिरणीवाल्याजवळ शेफील्डचा चाकू असल्याचे नमूद केले आहे, म्हणजे त्या काळीही गावाचे नाव पात्याशी जोडले गेले होते. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने तेथील चाकू-कारागिरांच्या संघास रीतसर सनद मिळाली आणि प्रत्येक कारागिराची निशाणी दप्तरात नोंदविण्याची, दुसऱ्याने ती वापरल्यास दाद मागण्याची व्यवस्था दृढ झाली. १७४०च्या सुमारास बेंजामिन हंट्समन या घड्याळजीने मुशीत वितळविलेले एकजिनसी पोलाद सिद्ध केले, आणि त्या पोलादाच्या बळावर पुढची दीडशे वर्षे शेफील्डने जगाच्या बाजारपेठा व्यापल्या. जोसेफ रॉजर्स आणि सन्स ही पेढी या वैभवाची मुकुटमणी. तारा आणि माल्टाचा क्रूस ही तिची निशाणी मुळात १६८२ मध्ये नोंदविलेली. १८२२ मध्ये तिला राजा चौथा जॉर्ज याचे चाकू-कारागीर म्हणून नेमणूक मिळाली, आणि त्याच सुमारास तिने सनाच्या आकड्याइतकी, म्हणजे १८२२ पाती असलेला एक प्रचंड चाकू घडविला. १८५१च्या लंडनच्या महाप्रदर्शनासाठी केलेला, पंचाहत्तर पात्यांचा, कोरीव शिंपल्याच्या मुठीचा ‘नॉरफोक’ चाकूही याच पेढीचा. तिची प्रतिस्पर्धी जॉर्ज वोस्टनहोम यांची पेढी. ‘आय एक्स एल’ ही तिची निशाणी अमेरिकेत इतकी लोकप्रिय झाली, की पेढीने आपल्या कारखान्यास वॉशिंग्टनचे नाव दिले. १९७१ मध्ये या दोन्ही पेढ्या एकत्र झाल्या. तोवर दोहोंचा सुवर्णकाळ ओसरला होता.

शेफील्डचा जुना चाकू हातात घेतला असता जी एक निराळीच भरदार जाणीव होते, तिचे मूळ तेथील श्रमविभागणीत आहे. पाते ठोकणारा एक, ते सहाणेवर घासणारा दुसरा, आणि पाती, कमानी, पितळी अस्तर व मुठीच्या फळ्या यांची जुळणी करणारा तिसरा. यांतील कित्येक जण कोणाचे पगारदार नसून भाड्याच्या एका खोलीत स्वतःच्या हिमतीवर काम करीत, आणि एकच चाकू पुरा होईतो चार गल्ल्या फिरून येई. घासकामाची धूळ छातीत जाऊन त्या कामगारांना जडणारा क्षय एकोणिसाव्या शतकातील वैद्यांनी नोंदवून ठेवला आहे, आणि त्यांतले कितीतरी जण ऐन उमेदीत गेले, ही गोष्ट संग्राहकाने विसरता कामा नये. ही परंपरा अगदी अलीकडेपर्यंत टिकून होती. १९४१ मध्ये किशोरवयात उमेदवारी पत्करलेले स्टॅन शॉ हे त्या परंपरेतील थोर कारागीर २०२१ मध्ये निवर्तले. हाताने जुळविलेल्या चाकूत कमान आणि पाते परस्परांना इतकी अचूक भिडतात, की उघडताना आणि मिटताना येणारा खटक्याचा आवाज स्वच्छ, एकसंध आणि आश्वासक असतो. शिक्का पुसट असला तरी हा आवाज खोटे बोलत नाही.

आपल्या देशाचा या मालाशी संबंध जुना आहे. रॉजर्सच्या पेढीची मोठी उलाढाल पूर्वेकडील देशांशी होती, आणि इंग्रजी अमदानीत कचेरी, शाळा, रेल्वे आणि फौज या चारही वाटांनी विलायती चाकू येथे उतरला. पिसाची लेखणी आणि आपल्याकडचा बोरू, दोहोंनाही वरचेवर टोक काढावे लागे, आणि लहान पात्याचा चाकू हे लिहिणाऱ्याच्या दौतीइतकेच आवश्यक साधन होते. पुढे शिसपेन्सिल आली तरी चाकूची गरज संपली नाही. त्यामुळे मुंबईत भेंडीबाजारालगतच्या मटन स्ट्रीटवरील चोरबाजारात, पुण्यात मंगळवार पेठेत बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात आजही असा एखादा नग कुलपे, नळाच्या तोट्या, तराजूची वजने आणि चष्म्याच्या काड्या यांच्या ढिगातून निघू शकतो. माझ्या संग्रहातील एक चाकू अशाच पथारीवरचा आहे, आणि पारख कशी करावी हे सांगण्यास तोच पुरेसा आहे.

मिटलेल्या अवस्थेत तो तर्जनीएवढा आहे. मुठीच्या फळ्या म्हशीच्या शिंगाच्या. एका फळीत खिळ्यापासून कडेपर्यंत केसासारखी चीर गेलेली आहे, कारण शिंग वर्षानुवर्षे आकसते आणि खिळ्याशी फाटते. दुसऱ्या फळीच्या कडेला कसर लागून पडलेले दोन बारीक खड्डे आहेत. शिंगाला कीड लागते, हाडाला सहसा लागत नाही. मुठीच्या दोन्ही टोकांना जर्मन सिल्व्हरच्या टोप्या, आत पितळी पत्र्याचे अस्तर. दोन पाती : मोठे पाते सहाणेवर घासघासून मूळ रुंदीच्या दोन-तृतीयांशावर आले आहे, लहान पाते मात्र जवळजवळ अस्पर्श, त्याच्यावर करडी, एकसारखी झाक चढलेली, आणि नखाने उघडण्याची खाच अद्याप धारदार कडांची. मोठ्या पात्याच्या बुडाशी काळवंडलेला मळ लाकडी काडीने आणि तेलाने हळूहळू काढला तेव्हा प्रथम तारा, मग क्रूस, मग पेढीचे नाव आणि शेवटी मुकुटाच्या दोन्ही अंगांना ‘व्ही’ आणि ‘आर’ ही अक्षरे दिसली. मुकुट व्हिक्टोरिया राणीचा, तेव्हा चाकू १८३७ ते १९०१ या दरम्यानचा. ‘इंग्लंड’ हा शब्द कोठेही नाही. कमान दोन्ही अवस्थांत मुठीच्या पाठीशी समपातळीत बसते, पाते डुलत नाही. विक्रेत्याने सांगितलेला भाव शेजारच्या पितळी कुलपाइतकाच होता, आणि मी घासाघीस केली नाही.

शिक्क्यावरून कालनिर्णय करण्याची ही विद्या संग्राहकाची पहिली आणि अखेरची भांडवलाची रक्कम होय, म्हणून तिच्याविषयी थोडे विस्ताराने सांगणे इष्ट आहे. राजचिन्हांतील अक्षरे राजागणिक बदलतात, तथापि ‘जी. आर.’ ही अक्षरे चौथ्या जॉर्जचीही असू शकतात आणि १९१० नंतरच्या पाचव्या वा सहाव्या जॉर्जचीही, आणि या दोहोंमध्ये सुमारे शतकाचे अंतर असल्याने पात्याची घडण व देशनाम पाहिल्यावाचून निर्णय करणे धोक्याचे आहे. १८९० मध्ये अमेरिकेने मॅकिन्ली जकात कायदा मंजूर केला. त्याने परदेशी चाकूंवर जबर जकात बसविली आणि आयात मालावर उगमदेशाचे नाव छापणे बंधनकारक केले. त्या जकातीने शेफील्डचा अमेरिकी व्यापार खचला, अमेरिकेतील देशी कारखाने फोफावले, आणि संग्राहकाच्या हाती मात्र एक कायमची खूण आली : ‘इंग्लंड’ वा ‘जर्मनी’ असा शब्द असेल तर चाकू बहुधा १८९१ नंतरचा. याच्या उलट अनुमान करणे सयुक्तिक नाही, कारण स्वदेशी विक्रीच्या किंवा अन्य देशांत जाणाऱ्या मालावर तो शब्द असलाच पाहिजे असे नव्हते. ‘स्टेनलेस’ हा शब्द दिसल्यास तर्क अधिक निःशंकपणे चालतो. हॅरी ब्रीअर्लीने शेफील्डात हे न गंजणारे पोलाद १९१३ मध्ये तयार केले, तेव्हा असा शिक्का असलेला चाकू राणीच्या काळचा म्हणून कोणी पुढे केल्यास तो जागच्या जागी ठेवून द्यावा.

जर्मनीतील सोलिंगेनची गोष्ट समांतर आहे. तेथील हेंकेल्स पेढीची जुळ्या भावंडांची निशाणी १७३१ मध्ये नोंदविली गेली. बोकर यांचे झाड, हेर्डर यांचे इस्पिकाचे पान, क्लास यांचे क्रौंचपक्षी या निशाण्या जाणकारास लांबूनच ओळखू येतात. एकोणिसाव्या शतकात तेथील काही कारखानदारांनी आपल्या पात्यांवर शेफील्डचे नाव उमटविण्याचा सपाटा लावल्यामुळे ब्रिटनला १८८७ मध्ये व्यापारचिन्हांविषयी कडक कायदा करावा लागला. आणि पुढे खुद्द सोलिंगेनच्या नावाचा दुरुपयोग होऊ लागल्याने १९३८ मध्ये जर्मनीत त्या नावास कायद्याचे संरक्षण द्यावे लागले. ‘पश्चिम जर्मनी’ असा उल्लेख असलेला चाकू १९४९ ते १९९० या कालखंडातला, हे निराळे सांगावयास नको. फ्रान्सचे लाग्यिओल आणि तिएर ही चाकूंची गावे प्रसिद्ध आहेत, पण स्वस्ताईच्या दृष्टीने त्या देशातला ओपिनेल अधिक उपयोगी : साव्वातील जोझेफ ओपिनेलने १८९०च्या सुमारास सुरू केलेला हा लाकडी मुठीचा शेतकरी चाकू आजही नवाच्या नवा मिळतो, आणि त्याची फिरती कुलूपकडी १९५५ची असल्यामुळे मध्यम वा मोठ्या आकाराचा कडीविरहित ओपिनेल भंगाराच्या पेटीत दिसला तर तो उचलावा. स्वित्झर्लंडच्या फौजेचा सैनिकी चाकू १८९१ पासून वाटला जाऊ लागला, आणि त्याची पहिली खेप सोलिंगेनहून आली होती. कार्ल एल्सनरच्या इबाख येथील कारखान्याने पुढे ते काम स्वदेशात आणले आणि १८९७ मध्ये अधिकाऱ्यांचा चाकू नोंदविला. पेढीच्या नावात एल्सनरच्या आईचे ‘व्हिक्टोरिया’ हे नाव १९०९ पासूनचे आणि ‘इनॉक्स’ हे शेपूट १९२१ नंतरचे. तेव्हा नुसते ‘व्हिक्टोरिया’ असलेला लाल चाकू दिसला तर पेटी बंद करण्याआधी त्याकडे दोनदा पाहावे.

अमेरिकेत हा छंद सर्वाधिक संघटित झाला, आणि त्यामुळे तेथे नामांकित चाकूंचे भावही सर्वाधिक पक्के आहेत. पेन्सिल्व्हेनियातील ब्रॅडफर्डच्या केस पेढीने तर संग्राहकांसाठी जणू पंचांगच छापून ठेवले आहे : ‘टेस्टेड एक्स एक्स’ हा शिक्का १९२० ते १९४०, नुसता ‘केस एक्स एक्स’ १९४० ते १९६४, त्यापुढे ‘यू. एस. ए.’ जोडलेला १९६९ पर्यंत, आणि १९७० पासून शिक्क्याखाली दहा ठिपके, ज्यांतला एक दरसाल गळत १९७९ मध्ये एकच उरला. नमुन्याच्या आकड्यातील पहिला अंक मुठीचे द्रव्य सांगतो, पाच म्हणजे सांबरशिंग, सहा म्हणजे खाचणीचे हाड. दुसरा अंक पात्यांची संख्या. बंदुकांच्या कारखान्यामुळे विख्यात झालेल्या रेमिंग्टनने १९२० ते १९४० या दोन दशकांत चाकू केले, आणि त्यातले गोळीच्या आकाराची मुद्रा बसविलेले नमुने आज सर्वांत महाग आहेत. हे सारे इतके सुपरिचित झाले आहे, की या दोन नावांच्या मागे धावून स्वस्ताई शोधणे मला व्यर्थ श्रम वाटतात. एखाद्या खेड्यातल्या पथारीवाल्यालाही आता ती नावे माहीत असतात.

खरा किफायतशीर माल कोठे आहे, तर तो अनाम आणि अर्धनाम चाकूंमध्ये आहे. अमेरिकेतील लोखंडी सामानाच्या मोठ्या घाऊक पेढ्या, सेंट लुईसची सिमन्स, शिकागोची हिबर्ड स्पेन्सर बार्टलेट इत्यादी, स्वतःच्या नावाने चाकू विकीत, पण त्यांतले पुष्कळ चाकू नामवंत कारखान्यांच्याच कारागिरांनी, त्याच पोलादाचे, त्याच कमानींचे केलेले असत. ‘कीन कटर’ किंवा ‘ओ. व्ही. बी.’ अशा शिक्क्याचा चाकू, त्याच कारखान्याच्या स्वतःच्या नावाच्या चाकूपेक्षा कितीतरी स्वस्त जातो, आणि गुणात रतिमात्र उणा नसतो. हेच शेफील्डच्या लहान कारागिरांच्या बाबतीत : रॉजर्सच्या नावाला जी किंमत पडते तिच्या एका अंशात, जेमतेम दोन-तीन खोल्यांत चाललेल्या एखाद्या पेढीचा तितकाच सुबक चाकू मिळतो. माझा स्पष्ट अभिप्राय असा, की नवशिक्याने पहिली काही वर्षे केवळ घडण पाहून, नाव झाकून चाकू निवडावेत. नजर तयार होण्याचा दुसरा मार्ग नाही.

फौजी चाकू हे दुसरे क्षेत्र. ब्रिटिश सैन्याचा काळ्या खवलेदार मुठीचा, जाड पात्याचा, डबा उघडण्याच्या आणि दोराच्या गाठी सोडविण्याच्या अवजारांनी युक्त असा चाकू दोन्ही महायुद्धांत प्रचंड प्रमाणावर तयार झाला. त्याच्यावर सरकारी मालकीची बाणाची खूण असते आणि बहुधा सनही असतो. तो ब्रिटिश हिंदी फौजेतही होता, आणि सैनिकी परंपरेच्या घरांतून असा चाकू अजून निघण्याचा संभव आहे. अमेरिकी सैन्याचा सर्वांगी पोलादी चाकू आणि विजेच्या तारांची कामे करणाऱ्यांचा दोन पात्यांचा चाकू हेही असेच टिकाऊ, सनावळीचे आणि अद्याप आवाक्यातले. शोभेच्या मानाने ते उणे असतील. पण एका वस्तूत कारखाना, फौज आणि वर्ष ही तिन्ही एकाच वेळी वाचता येणे हा लाभ फार थोड्या वस्तूंत असतो.

बाजारांचे म्हणाल तर, परदेशस्थ मराठी वाचकास तेथे आपल्यापेक्षा पुष्कळ अधिक संधी आहे. इंग्लंडात रविवारी मोटारींच्या मागच्या डिकीतून होणारी घरगुती विक्री, फ्रान्समधील गावोगावच्या माळे रिकामे करण्याच्या जत्रा, आणि त्यांत सप्टेंबरच्या आरंभी लील शहरात भरणारा अफाट जुना बाजार, जर्मनीतील पिसवा-बाजार, अमेरिकेत घरमालकाच्या निधनानंतर होणारी समग्र घरविक्री : या सर्वांत एक नियम समान आहे. जेथे चाकू मखमलीवर मांडलेला असेल तेथे स्वस्ताई नाही. जेथे तो पान्हे, पटाशी आणि गंजलेले खिळे यांच्या डब्यात असेल तेथे ती असते. अवजारांचा सबंध डबा एका बोलीत लिलावात निघतो, तेव्हा डब्याच्या तळाशी काय आहे ते बोलीपूर्वी पाहणाऱ्यास बाकीची अवजारे फुकट पडतात. विमानतळांवर प्रवाशांनी सोडून दिलेल्या चाकूंची विक्री हा एक आधुनिक मार्ग आहे. अमेरिकेतील काही राज्यांची सरकारे, विशेषतः पेन्सिल्व्हेनिया, असा माल घाऊक विकतात. त्यात बहुतांश अलीकडचे स्विस चाकू असतात, तरी आजोबांचा चाकू खिशात विसरून विमानतळावर गेलेला नातू सर्व देशांत असतोच.

दूरस्थ छायाचित्रांवरून घेताना मात्र दक्षता दुप्पट हवी. पात्याच्या बुडाची दोन्ही अंगे, मिटलेल्या चाकूची पाठ आणि उघडलेल्या चाकूची पाठ, इतकी चित्रे मागितल्याखेरीज पैसा देऊ नये. पाते मूळ लांबीचे आहे की टोक मोडून पुन्हा घडविले आहे, हे मिटलेल्या अवस्थेत टोक मुठीत कोठवर पोचते यावरून कळते. एका पात्याचा रंग दुसऱ्याहून निराळा असेल किंवा दोन्हींवरची निशाणी जुळत नसेल, तर एक पाते नंतर बसविलेले असते. रेमिंग्टनचे गोळीवाले नमुने १९८२ पासून नव्याने निघू लागले, आणि ते प्रामाणिक पुनर्निर्मिती असले तरी दुसऱ्या-तिसऱ्या हाती जुने म्हणून खपविले जातात. अस्सल पण सामान्य चाकूवर दुर्मिळ शिक्का ठोकणे हा तर उघड गुन्हा आहे, आणि तो होतो. पात्यावर शंभर वर्षांची झीज आणि शिक्क्याची अक्षरे मात्र कालची, असे दिसले की विचारपूस करण्याचेही कारण नाही.

सर्वांत मोठे नुकसान मात्र लबाडीने होत नाही. ते उत्साहाने होते. जुना चाकू मिळताच तो यंत्रावरच्या कापडी चाकावर चकाकविण्याची जी हौस विक्रेत्यांस आणि पुष्कळ खरेदीदारांसही असते, तिने किती उत्तम नमुने नामशेष केले याची गणती नाही. चाकावर धरताच शिक्क्याची कड गोल होते, नखाची खाच उथळ होते, हाडाच्या खाचणीतला जुना गडद रंग निघून जातो, आणि पोलादावर चढलेली जी करडी झाक पुढचा गंज थोपवून धरते तीच नाहीशी होते. ही हानी पुन्हा भरून येत नाही. तांबडा गंज तेल आणि बारीक पितळी तारेने अलवार काढावा, सांध्यात खनिज तेलाचा एक थेंब सोडावा, आणि थांबावे. अतिझळाळणारा जुना चाकू कितीही कमी किमतीत मिळाला तरी तो महागच समजावा, हे मी सर्व नवशिक्यांना निक्षून सांगतो.

जपणुकीतील आणखी एक गोष्ट संग्रहाच्या जिवाशी संबंधित आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुठींसाठी सेल्युलॉइडचा फार उपयोग झाला; शिंपला, कासवपाठ, रंगीत लहरी, काहीही त्यात साधता येई, आणि ते चाकू आजही मोहक दिसतात. परंतु काळ गेला की हे द्रव्य आतून विघटित होते आणि त्यातून आम्लयुक्त वाफ सुटते. बंद पेटीत असा एक चाकू असला तर त्याची स्वतःची पाती तर गंजतातच, पण शेजारच्या निर्दोष चाकूंनाही तो घेऊन बुडतो. मुठीला कापरासारखा किंवा तिखट आम्लाचा वास येऊ लागला, अस्तराचे पितळ हिरवे पडू लागले, की तो चाकू तत्काळ निराळा, मोकळ्या हवेत ठेवावा. कातडी म्यानातही दीर्घकाळ ठेवू नये. कमावलेल्या कातड्यातील द्रव्ये पितळावर हिरवट थर आणतात.

कायद्याचा विचार केल्यावाचून हा आढावा अपुरा राहील. शेफील्ड, सोलिंगेन आणि अमेरिका या तिन्ही ठिकाणच्या उत्कृष्ट चाकूंच्या मुठींना जे सांबरशिंग लागे, ते मुख्यतः हिंदुस्थानातून जाई. आपल्या रानांतल्या सांबरांनी गाळलेली शिंगे परदेशच्या खिशांत जाऊन बसली. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने आणि पुढच्या निर्बंधांनी तो व्यापार बंद झाला, आणि तेव्हापासून जुन्या सांबरशिंगी मुठींचे मोल परदेशात चढत गेले. आपल्याकडे मात्र अशा वस्तूची खरेदी-विक्री हा कायद्याचा भंग ठरू शकतो, आणि हस्तिदंताच्या बाबतीत तर संशयालाही जागा नाही. ब्रिटनने २०१८ च्या कायद्याने, जो २०२२ मध्ये अमलात आला, हस्तिदंताच्या व्यवहारावर जवळजवळ संपूर्ण बंदी घातली. त्यामुळे हस्तिदंती मुठीचे व्हिक्टोरियाकालीन चाकू तेथे कोणी अगदी कवडीमोलाने देऊ केले तरी तो मोह आवरावा आणि ती वस्तू भारतात आणण्याचा विचारही करू नये. आपल्या शस्त्रविषयक नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्यांचा जो निर्देश आहे त्यात घडीचे सामान्य चाकू बसत नाहीत. तथापि पोलिसांचे स्थानिक मनाई हुकूम वेळोवेळी निघतात, तेव्हा संग्रहातला चाकू खिशात घालून मिरविण्याचे प्रयोजन नाही. ब्रिटनमध्ये तीन इंचांपर्यंतच्या, कुलूप नसलेल्या घडीच्या चाकूस मुभा आहे. विमानप्रवासात तो हातातल्या पिशवीत असता कामा नये. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर पाठविण्यापूर्वी पुरावस्तूंविषयीचा १९७२ चा कायदा पाहून घ्यावा.

शेवटचा प्रश्न नीतीचा आहे, आणि स्वस्ताईच्या चर्चेत तो बहुधा टाळला जातो. पथारीवाला हा व्यापारी आहे. त्याने दिलेला भाव हा त्याचा निर्णय, आणि आपले ज्ञान हे आपल्या कष्टांचे फळ, तेव्हा त्याच्याकडून स्वस्त घेण्यात मला काहीही वावगे वाटत नाही. परंतु घरातला माणूस गेल्यावर त्याच्या वस्तू आवरणारी वृद्ध पत्नी, किंवा वडिलांच्या हत्यारांची पेटी घेऊन दारी आलेला मुलगा, यांच्याशी तोच व्यवहार करणे मला अनुचित वाटते. त्यांना वस्तूचे खरे मोल सांगावे, आणि मग त्यांनी ठरविलेल्या भावाने घ्यावी. अशा रीतीने घेतलेल्या चाकूबरोबर बहुधा त्याची हकीकत मिळते, कोणी वापरला, कोठे घेतला, कोणत्या कामात होता. आणि हकीकतीसह आलेला चाकू, निदान माझ्या लेखी, तिच्यावाचून आलेल्या चार चाकूंहून मोलाचा असतो.

ज्यांस या विषयात उतरावयाचे आहे त्यांनी पहिला पैसा चाकूवर न घालता पुस्तकावर घालावा. बर्नार्ड लेव्हीन यांचे अमेरिकी चाकूंवरील १९८५ चे मार्गदर्शक आणि शेफील्डच्या कारखान्यांविषयी जेफ्री ट्वीडेल यांचे संशोधन ही दोन साधने हाती असली म्हणजे निम्म्याहून अधिक शंका घरबसल्या मिटतात. परदेशी जाणे झाल्यास शेफील्डचे केल्हम आयलंड संग्रहालय, सोलिंगेनचे पात्यांचे संग्रहालय आणि तिएरचे चाकू-संग्रहालय ही तिन्ही अवश्य पाहावीत; उत्तम कसे असते हे एकदा डोळ्यांत भरले की मध्यम ओळखण्यास वेळ लागत नाही. आणि महाराष्ट्रातल्या वाचकांस एवढीच विनंती, की घरातली जुनी पेटी, दप्तर किंवा आजोबांचा लिहिण्याचा मेजखण मोडीत देण्यापूर्वी त्यातला चाकू बाहेर काढावा, तो चकाकवू नये, तेलाचे एक बोट फिरवून पात्याचे बूड उजेडात पाहावे, आणि तो कोणाचा होता हे एका चिठ्ठीवर लिहून त्याच्यासोबत ठेवावे.